चिमणीतून गेलेलं गंधक जातं कुठे? फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

वणी, वरोरा, भद्रावती, राजुरा या पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. शेतकऱ्यांच्या ग्रुपपासून शिक्षकांच्या ग्रुपपर्यंत तो सगळीकडे पोचला आहे. त्याचा सारांश असा: औष्णिक वीज केंद्रांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा उगाच बाऊ केला जातो. आपल्या कोळशात गंधक नावापुरतं असतं. चिमण्या २७५ मीटर उंच, त्यामुळे वायू वर जाऊन विरून जातो. हवेच्या मीटरवर आकडा मर्यादेच्या खूप खाली असतो. उरलंसुरलं पावसाने धुऊन शेतात पडतं, म्हणजे सोयाबीनला फुकटचं गंधक. शिवाय या वायूपासून हवेत बनणाऱ्या सल्फेटच्या कणांमुळे हवा थंड राहते. तेव्हा गंधक काढणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवली तर फक्त वीजबिल वाढेल, आणि कार्बन डायऑक्साइडही वाढेल.

मजकूर पटतो, कारण त्यातली अर्धी विधानं खरी आहेत. पण त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि ती चूक कुठे होते ते समजायला थोडं रसायनशास्त्र लागतं. मी तो विषय शिकवतो. चिमणीतून निघणाऱ्या गंधकावर मर्यादा घालणारा, डिसेंबर २०१५ मध्ये आलेला मूळ नियम देशातल्या सगळ्या कोळसा केंद्रांना लागू होता. ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने चारांतल्या तीनाहून अधिक वीजनिर्मिती संचांना एफजीडी बसवण्यातून सूट मिळाली. म्हणून हा विषय आज आपल्या दाराशी आहे.

सुरुवात मीटरपासून करतो, कारण सगळा युक्तिवाद त्या एका आकड्यावर उभा आहे. सल्फर डायऑक्साइडची आपली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम, वर्षाच्या सरासरीला ५०. बहुतेक ठिकाणचं मोजमाप याच्या बरंच खाली येतं, हे मान्य. पण हा मीटर फक्त वायू मोजतो. गंधकाचा जो भाग वाटेत वायूचा कण झाला, तो या मीटरच्या हिशोबातून बाहेर गेला. कापूस जिनिंगला गेला, घरात बोंडभर उरला नाही, म्हणून यंदा कापूस पिकलाच नाही असं कोणी म्हणेल का? मजकूर नेमकं तेच म्हणतो आहे.

आता साधं गणित करू. सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४ आहे. हवेत त्याचं जे अमोनियम सल्फेट होतं त्याचा रेणुभार १३२. वाटेत ऑक्सिजन, पाणी आणि अमोनिया त्याला येऊन मिळतात, म्हणून वजन दुपटीच्या वर जातं. घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅम सल्फर डायऑक्साइड असेल तर मीटरवर तो मर्यादेचा आठवा हिस्सा, कुणी वळूनही पाहणार नाही. तोच पूर्ण रूपांतरित झाला तर २० मायक्रोग्रॅमहून थोडा जास्त कण तयार होतो. हे कण पीएम २.५ मध्ये, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कणांत मोडतात, आणि त्याची आपली वार्षिक मर्यादा ४० आहे. म्हणजे निम्मी मर्यादा एकट्या गंधकाने खाल्ली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेलं मूल्य तर ५ आहे. पूर्ण रूपांतर होत नाही, हेही सांगतो. बराचसा वायू पानांवर, मातीवर, पाण्यावर तसाच बसून हवेतून निघून जातो. निम्माच रूपांतरित झाला असं धरा, तरी १० मायक्रोग्रॅम कण उरतातच.

हवा मोजणाऱ्या आपल्या केंद्रांवर पीएम २.५ चं एकूण वजन दिसतं, त्यात सल्फेट किती ते वेगळं दिसत नाही. ते काढायला गाळणीतून चोवीस तास हवा ओढून, गाळणीवर बसलेला थर पाण्यात विरघळवून प्रयोगशाळेत तपासावा लागतो. आणि हवेचे मीटर प्रामुख्याने शहरांत. खेड्यांत ते जवळपास नाहीतच.

वायूचा कण होतो कसा, हे खरं तर या विषयातलं सगळ्यात विलक्षण प्रकरण आहे. रस्ते मुख्यतः दोन.

पहिला उन्हाचा. हवेतल्या ओझोनवर सूर्यप्रकाश पडला आणि शेजारी पाण्याची वाफ असली की हायड्रॉक्सिल नावाचा रेणूचा तुकडा तयार होतो. तो सेकंदभरही टिकत नाही, पण तेवढ्यात जे भेटेल त्याच्याशी क्रिया करतो. सल्फर डायऑक्साइड भेटला तर त्याला चिकटतो. मग ऑक्सिजन येतो, सल्फर ट्रायऑक्साइड होतो, तो पाण्याच्या वाफेशी मिळून सल्फ्युरिक आम्ल बनतो. हे आम्ल वायुरूपात फार वेळ राहू शकत नाही. आधीच तरंगणाऱ्या धुळीच्या, धुराच्या कणांवर ते जाऊन बसतं, नाहीतर त्याचेच रेणू एकमेकांना धरून नवे अतिसूक्ष्म कण तयार करतात. वेग मात्र मंद: चांगल्या उन्हात तासाला एखाद-दोन टक्के सल्फर डायऑक्साइड या रस्त्याने जातो. रात्री हा रस्ता जवळपास बंद.

दुसरा रस्ता पाण्याचा, आणि तो कितीतरी वेगवान आहे. ढगाच्या किंवा धुक्याच्या थेंबात सल्फर डायऑक्साइड विरघळतो. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड असेल तर त्याचं सल्फेट व्हायला वेळ लागत नाही, थेंब कितीही आम्लधर्मी असो. ओझोनही हे काम करतो, पण थेंबाचा सामू (पीएच) साडेपाच-सहाच्या वर असेल तोवरच. आम्ल साठत गेलं की त्याचा वेग पडतो. तिसरी क्रिया लोह आणि मँगनीज यांच्या साक्षीने चालते, त्यात साधा ऑक्सिजनच पुरतो आणि ऊन लागत नाही. मँगनीज म्हटलं की आपल्याला भंडाऱ्यातलं डोंगरी बुजुर्ग किंवा रामटेकजवळचं मनसर आठवतं, पण या कामाला खाणीएवढं मँगनीज नको. मातीच्या धुळीतून, उडत्या राखेतून थेंबात उतरलेला किंचित अंश पुरतो. ढगांमध्ये तासाभरात सल्फर डायऑक्साइडचा मोठा वाटा सल्फेट होऊ शकतो. उन्हातल्या एक-दोन टक्क्यांशी हे ताडून पाहा.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत तूर फुलोऱ्यात, शेंगांत असते तेव्हा पहाटे धुवारी, म्हणजे धुकं, पडते. धुवारी निसर्गाची आहे आणि तुरीच्या फुलगळीचं खापर मी सल्फेटवर फोडणार नाही, तसा पुरावा माझ्यासमोर नाही. पण धुवारीचा प्रत्येक थेंब ही एक छोटी भट्टी आहे, हे लक्षात घ्यावं लागतं. याच दिवसांत रात्री जमीन लवकर गार होते, थंड हवा खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं. खालचा धूर, खालचा वायू तिथेच अडकतो. सकाळी ऊन आल्यावर थेंब वाळतो, पण त्यात तयार झालेलं सल्फेट वाळत नाही. ते कण म्हणून हवेत उरतं.

याच कारणाने मजकुरातलं ‘पावसाने धुऊन निघतं’ हे वाक्य अर्धवट आहे. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, मृगानंतरचं स्वच्छ आकाश आपण सगळेच बघतो. पण बहुतेक ढग न बरसताच विरतात, आणि न बरसलेला ढग सल्फेट धुऊन नेत नाही, तयार करून मागे ठेवतो. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्याकडे धुऊन नेण्याइतका पाऊस पडतोच किती दिवस? हे कण इतके बारीक असतात की पावसाशिवाय खालीही बसत नाहीत, आठवडाभर तरंगू शकतात. बहुतेक एका मायक्रॉनहून लहान, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास. म्हणून ते प्रकाश जोरात विखुरतात. त्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की अमोनियम सल्फेटचा कोरडा कण पाणी ओढून थेंब होतो आणि फुगतो. हिवाळ्यातल्या पहाटे दूरची टेकडी पांढुरक्या पडद्याआड जाते, त्या पडद्यात या फुगलेल्या कणांचा वाटा असतो. हेच कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात.

या सगळ्यात अमोनियाचं नाव आलं की काही जण लगेच शेतकऱ्याकडे बोट दाखवतात. फिरत्या मजकुराच्या खाली तशी उत्तरंही दिसतात: युरिया तुम्हीच टाकता, गोठा तुमचाच, मग केंद्राला दोष का? अमोनिया युरियातून, शेणामुतातून, उकिरड्यातून येतो, हे खरं. तो सल्फ्युरिक आम्लाला शमवतो आणि थेंब फार आम्लधर्मी होऊ देत नाही, त्यामुळे ओझोनची क्रिया जास्त वेळ चालते, हेही खरं. पण अमोनिया नसता तरी सल्फ्युरिक आम्लाचा कण झालाच असता, फक्त तो अधिक आम्लधर्मी राहिला असता. गंधकाशिवाय सल्फेट होऊ शकत नाही, आणि गंधक गोठ्यातून आलेलं नाही. धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवले, कपाशीची पऱ्हाटी जाळली तर हवा खराब होते आणि ते थांबायला हवं, पण त्या धुरात मुख्यतः कार्बनचे कण असतात. तो वेगळा हिशोब आहे.

आता उंच चिमणी. पाचशे मेगावॉट आणि त्यावरच्या संचांना २७५ मीटरची चिमणी लागते. तिच्यामुळे पायथ्याच्या गावात वायूचा जोर कमी होतो, आणि तिचा तेवढाच उपयोग आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये कोळशाच्या धुराने आणि धुक्याने मिळून हजारो माणसं मेली. नंतरच्या काळात ब्रिटनने वीज केंद्रांना उंच चिमण्या बांधल्या. शहरांतली हवा सुधारली, आणि गंधक वाऱ्याबरोबर नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांवर आम्लाचा पाऊस होऊन पडलं. तिथले मासे मेले. अखेर १९७९ मध्ये सरहद्दी ओलांडणाऱ्या हवाप्रदूषणावर जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार करावा लागला. उंच चिमणीने गंधक कमी होत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो. उलट वर गेलेला वायू जमिनीला, झाडांना लवकर टेकत नाही, म्हणून त्याला कण व्हायला जास्त वेळ मिळतो.

किती लांबचा पत्ता? वारा ताशी १० किलोमीटर धरला तर दहा तासांत १०० किलोमीटर. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून असतो. म्हणजे चंद्रपूरचा धूर राजुरा, कोरपना, जिवतीकडे आणि पुढे तेलंगणात. नव्या नियमात केंद्रांचे गट पाडताना १० किलोमीटरचं वर्तुळ धरलं आहे: दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतलं केंद्र एका गटात, अतिप्रदूषित क्षेत्रापासून किंवा हवेची मर्यादा न पाळणाऱ्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतलं दुसऱ्या गटात, बाकीची सुटली. पण १० किलोमीटर पार करायला त्या वाऱ्याला एक तास लागतो, आणि कोरड्या उन्हात तासाभरात एखाद-दोन टक्केच वायूचा कण झालेला असतो. बाकीचं सगळं काम वर्तुळाच्या बाहेर, खेड्यांच्या डोक्यावर होतं. हा नियम शहराचं रक्षण मोजतो, खेड्यांचं नाही, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप याला आहे.

‘आपल्या कोळशात गंधक कमी’ हे वाक्य टक्केवारीत खरं आहे. भारतीय कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. पण त्यात राखही तीस-चाळीस टक्के असते, म्हणून एका युनिटसाठी कोळसा जास्त जाळावा लागतो, साधारण ६५० ग्रॅम. एक हजार मेगावॉटचं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला २ कोटी ४० लाख युनिट, म्हणजे पंधरा हजार टनांवर कोळसा. ०.४ टक्के गंधक धरलं तर दिवसाला सुमारे ६२ टन गंधक, आणि जळल्यावर त्याच्या दुप्पट सल्फर डायऑक्साइड. थोडा अंश राखेत राहतो, बाकी चिमणीतून जातं. चंद्रपूर केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट, गोंदियातल्या तिरोड्याची ३३००, मौद्याची २३२०, अमरावतीजवळच्या नांदगाव पेठची १३५०. टक्का लहान असला तरी कशाचा टक्का, हे विचारायला हवं. आणि धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. राख पकडणारी विजेची यंत्रणा राखेचे कण पकडते. वायू तिच्यातून सरळ निघून जातो.

फुकटच्या खताचा मुद्दा मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण त्याला आधार आहे. युरोपने गंधक कमी केल्यावर तिथल्या तेलबियांच्या पिकांत गंधकाची कमतरता खरोखर दिसू लागली. सोयाबीनलाही हेक्टरी साधारण २० ते ३० किलो गंधक लागतं. पण युरोपच्या शेतकऱ्यांनी त्यावर गंधकयुक्त खत टाकलं आणि प्रश्न सुटला. आपल्याकडे सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्के गंधक असतं. पन्नास किलोच्या तीन गोण्यांत साडेसोळा किलो आलं, तेही पेरणीच्या वेळी, मुळाजवळ. हवेतलं गंधक जानेवारीत कुणाच्या पडीक रानावर पडेल, कुणाच्या पत्र्यावर पडेल, आणि पडण्याआधी किती छात्यांतून जाईल, ते कोणाच्या हाती नाही. याच ओघात एक गोष्ट मान्य करायला हवी: पश्चिम विदर्भातली काळी जमीन चुनखडीयुक्त आहे, सामू आठच्या आसपास, तिला थोडं आम्ल सहज पचतं. आम्लवर्षेने वऱ्हाडातलं रान नापीक होईल अशी भीती कोणी घालत असेल तर ती चुकीची आहे. आपला धोका श्वासाचा आहे.

सल्फेटमुळे थंडावा मिळतो, हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर. १९९१ मध्ये फिलिपीन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी उसळला, त्याचं गंधक थेट स्थितांबरात गेलं आणि एखाद-दोन वर्षं जगाचं तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. चिमणीचं गंधक खालच्या हवेत राहतं, दिवसांत किंवा आठवड्यात संपतं, पण रोज नवं येत असल्यामुळे ते सूर्यप्रकाश अडवत राहतं. हा प्रकाश अडला की जमीन कमी तापते, जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक घटतो, आणि त्याच फरकावर मोसमी पाऊस ओढला जातो. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालात स्पष्ट नोंद आहे, की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आशियाचा मोसमी पाऊस कमी होण्यामागे मानवनिर्मित कणांचा प्रमुख हात होता. ज्या विदर्भात कपाशी, तूर, सोयाबीन बहुतांश कोरडवाहू आहे, तिथल्या माणसाला ‘सल्फेट थंडावा देतं’ हे सांगताना ही दुसरी बाजू लपवणं अन्यायाचं आहे. आणि तो थंडावा ब्रह्मपुरीच्या वैशाखात कुणाला जाणवला असेल असं मला वाटत नाही.

शेवटचा मुद्दा कार्बन डायऑक्साइडचा आणि खर्चाचा. एफजीडी यंत्रणेत धुरावर चुनखडीची पूड कालवलेल्या पाण्याचा फवारा सोडतात, गंधक जिप्सममध्ये अडकतं आणि चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. किती? टनभर कोळशात चार किलो गंधक, त्याचा आठ किलो सल्फर डायऑक्साइड, तो पकडताना साडेपाच किलो कार्बन डायऑक्साइड. तोच टनभर कोळसा जाळताना हजार किलोंहून बराच जास्त कार्बन डायऑक्साइड आधीच निघालेला असतो. यंत्रणा चालवायला लागणारी एक-दीड टक्का वीज धरली तरी वाढ दोन टक्क्यांच्या आसपासची. टनामागे वीसेक किलो जिप्सम मिळतं, आणि सिमेंट घट्ट होण्याचा वेग आवरायला जिप्सम घालावंच लागतं. गडचांदूर, आवारपूरचे सिमेंट कारखाने चंद्रपूर जिल्ह्यातच आहेत. यंत्रणा महाग आहे आणि तिचा काही भार बिलात येईल, हे मी नाकारत नाही. पण मजकूर ज्याला बचत म्हणतो तो खर्च नाहीसा होत नाही. तो जिवतीच्या, कोरपन्याच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर येतो, आणि तिथे त्याच्यापुढे ‘गंधक’ असं कोणी लिहीत नाही.

चंद्रपूर हवेची मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. अशा शहरांजवळच्या केंद्रांचा निर्णय नव्या नियमाप्रमाणे प्रकरणागणिक व्हायचा आहे. म्हणजे दार पूर्ण बंद झालेलं नाही. ग्रामसभेचा ठराव करायचा असेल तर त्यात सल्फर डायऑक्साइडचा आकडा मागू नका, तो कमीच येईल. वाऱ्याच्या दिशेला तीस, साठ आणि शंभर किलोमीटरवरच्या गावांत, डिसेंबर ते फेब्रुवारी, गाळणीवर जमा केलेल्या पीएम २.५ मधलं सल्फेट मोजून मागा.